ओतकामगाराचे बूट: फाउंड्रीत पायापासून डोक्यापर्यंतचं संरक्षण कसं निवडावं, कसं घालावं, कसं टिकवावं

बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा वितळलेला रस लॅडलमधून (ओतायच्या भांड्यातून) साच्यात पडतो तेव्हा त्याचं तापमान साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सिअस असतं. त्याचा थेंब बुटाच्या गुळगुळीत चामड्यावर पडून घरंगळला, तर चामड्यावर डाग उमटतो, पाय वाचतो. तोच थेंब नाडीच्या गाठीत अडकला किंवा घोट्यापाशी बुटात शिरला, तर बूट निघेपर्यंत तो कातडी जाळत खोल जात राहतो. म्हणून भट्टीवरच्या बुटाला आधी दोन प्रश्न विचारायचे. रस याच्यावर कुठे अडकून राहू शकतो का? आणि वेळ आली तर हा दोन-तीन सेकंदांत पायातून निघतो का? टो कॅप (बोटांवरची कडक टोपी), सोल, आयएसआयचा शिक्का हे सगळं लागतंच, पण भट्टीपाशी या दोन प्रश्नांची उत्तरं चुकली की बाकी सगळं असूनही पाय भाजतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले वसाहत आणि तिकडे बेळगावात उद्यमबाग, या पट्ट्यात लहानमोठ्या शेकडो शेडमध्ये ओतकाम चालतं. आता बहुतेक ठिकाणी बूट मिळतात. अडचण ही की भट्टीवाला, मोल्डर (वाळूचे साचे करणारा), फेटलिंगवाला (ओतलेले नग घासून साफ करणारा) आणि झाडलोट करणारा हेल्पर अशा सगळ्यांना एकाच खोक्यातला एकच नाडीचा काळा बूट दिला जातो.

खालची माहिती बिडाच्या, म्हणजे ग्रे आयर्न आणि एसजी आयर्नच्या फाउंड्रीसाठी आहे. ॲल्युमिनियमचा रस कमी तापमानाला असतो, पण तो कापडाला चिकटून बसण्याची शक्यता जास्त. तिथले कपडे ॲल्युमिनियमसाठी चाचणी झालेले असावे लागतात. बिडासाठी चालणारं कापड तिथे चालेलच असं नाही.

आधी शेडचा कागद करा

खरेदीला जाण्यापूर्वी एका कागदावर शेडचा नकाशा काढा आणि प्रत्येक जागी पायावर काय पडू शकतं, पायाखाली काय येऊ शकतं, हे लिहा. अर्ध्या तासाचं काम आहे.

भट्टी आणि पोअरिंग लाइन (साच्यांत रस ओतायची जागा): रसाचे शिंतोडे, तापलेली जमीन, समोरून येणारी धग.
नॉकआऊट (साचा फोडून नग बाहेर काढायची जागा): गरम वाळू, अजून लाल असलेले रनर-रायझर (रसाच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड), पायावर पडणारी कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग. सोल जळण्याचं प्रमाण इथे सगळ्यात जास्त.
मोल्डिंग आणि कोअर शॉप (कोअर म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा गाभा): मोल्ड बॉक्सखाली, म्हणजे साच्याच्या चौकटीखाली बोटं सापडणं, वाळूत पडलेले खिळे आणि कोअरच्या तारा, वाळूची धूळ.
फेटलिंग: ठिणग्या, उडणारे कण, कानठळ्या बसवणारा आवाज, पायावर पडणारे जड नग.

या कागदावरूनच ठरतं की किमान दोन प्रकारचे बूट घ्यावे लागणार. भट्टी-पोअरिंगसाठी बिननाडीचे उंच बूट. बाकी ठिकाणी नाडीचे चालतात, पण नॉकआऊटसाठी सोल वेगळा हवा.

बूट निवडताना

भारतात सेफ्टी बुटांचं मानक आहे आयएस १५२९८. त्याचे भाग लक्षात ठेवा, कारण दुकानात तिन्ही भागांतले बूट ‘सेफ्टी शू’ म्हणूनच विकले जातात. भाग २ मधल्या बुटाची टो कॅप २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सहन करते. २० किलोचा नग सुमारे १ मीटरवरून पडला की साधारण तेवढाच आघात होतो. भाग ३ मधल्या बुटाची क्षमता याच्या निम्मी, १०० ज्यूल आणि १० किलोन्यूटन. भाग ४ मधल्या बुटाला टो कॅपची अटच नाही. फाउंड्रीसाठी भाग २ च घ्या. आयएसआयच्या चिन्हावर मानकाचा क्रमांक आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आहे आणि तो चालू आहे की नाही ते कळतं. शंभर जोड घेण्याआधी एका जोडावर हे करून पाहा. नकली शिक्के बाजारात आहेत.

बुटावर जी अक्षरं छापलेली असतात, त्यातली आपल्या कामाची ही:

‘पी’ म्हणजे खिळा सोलमधून वर येऊ नये म्हणून मधे पातळ पत्रा किंवा तशाच ताकदीचा थर आहे; चाचणीत तो ११०० न्यूटनच्या जोराला टिकतो. मोल्डिंग आणि कोअर शॉपला हे हवंच.
‘एचआरओ’ म्हणजे सोल ३०० अंशांच्या पृष्ठभागावर १ मिनिट टेकला तरी वितळत नाही, त्याला तडे जात नाहीत. नॉकआऊट आणि पोअरिंगला हे अक्षर नसलेला बूट देऊ नका.
‘एचआय’ म्हणजे तळव्याकडे उष्णता हळू पोचते.
‘एम’ म्हणजे पायाच्या वरच्या बाजूचं, बोटांमागच्या हाडांचंही संरक्षण आहे. टो कॅप फक्त बोटं झाकते. फेटलिंगला नग हातातून सुटतो तेव्हा तो बऱ्याचदा कॅपच्या मागे, नाड्यांवर पडतो. जड नग फिरवणाऱ्यांना ‘एम’ द्या.
‘ए’ म्हणजे अँटिस्टॅटिक. याचा अर्थ शॉक लागत नाही असा मुळीच नाही. इंडक्शन (विजेवरच्या) भट्टीच्या पॅनेलवर काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनचे बूट वेगळे असतात.

फाउंड्रीसाठी आयएसओ २०३४९ चा भाग १ असं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात बुटावर वितळलेला धातू ओतून चाचणी करतात. असे बूट महाग पडतात, पण भट्टीवर माणसं मोजकीच असतात. निदान त्यांच्यासाठी विक्रेत्याकडे हा चाचणी अहवाल मागाच.

सोलबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण फसगत इथेच होते. बाजारातला बहुतेक सेफ्टी बूट पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा असतो. हलका, मऊ, दिवसभर उभं राहायला बरा. पण गरम वाळूत तो मऊ पडतो, खाचा बुजतात, मग गुळगुळीत सोलवर माणूस घसरतो. शिवाय पीयू हवेतल्या ओलाव्याने आपोआप कुजतो. न वापरता स्टोअरमध्ये तीन-चार वर्षं पडलेला जोड बाहेरून नवाकोरा दिसतो आणि घातल्यावर थोड्याच दिवसांत सोलचे तुकडे पडायला लागतात. म्हणून घेताना उत्पादनाचा महिना-वर्ष पाहा. ते सोलवर किंवा जिभेवर छापलेलं असतं. गरम जागांसाठी नायट्राइल रबरचा सोल घ्या. जड वाटतो, पण तिथे तोच टिकतो.

शिलाईचा दोराही बघा. साध्या पॉलिएस्टरच्या दोऱ्याने शिवलेला बूट ठिणग्यांनी शिवणीवर उसवतो. चामडं शाबूत, पण शिवण उघडी. वेल्डिंग आणि भट्टीसाठीचे चांगले बूट केवलारसारख्या उष्णता सोसणाऱ्या दोऱ्याने शिवतात. समोर, पंज्याच्या वर शिवणी जितक्या कमी तितकं चांगलं.

मापाची घाई करू नका. दिवसभर उभं राहून पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी, कामावरचेच मोजे घालून, दोन्ही पायांचं घ्या आणि मोठ्या पायाच्या मापाचे बूट घ्या. अंगठ्यापुढे साधारण १ सेंटीमीटर जागा सुटावी. लोखंडी कॅप वापरून सैल होत नाही. करंगळी पहिल्या दिवशी घासत असेल तर ती महिनाभरानेही घासणारच, आणि मग तो माणूस टाच दुमडून बूट चपलेसारखे घालायला लागतो. आपल्याकडे रुंद पंजे बरेच आहेत. रुंद साच्यातला बूट वेगळा मागवा.

एक गैरसमज सगळीकडे ऐकू येतो: जड नग पडला तर लोखंडी कॅप दुमडून बोटं कापते. कॅपच्या क्षमतेपलीकडचा आघात झाला तर कॅप दबेल हे खरं, पण तेवढ्या आघाताने कॅप नसलेल्या पायाची बोटं कापण्याइतकीसुद्धा उरत नाहीत, चिरडतात. या भीतीपोटी कोणी बूट टाळत असेल तर त्याला समोर बसवून हे समजवा.

घालायची पद्धत

भट्टीवर जाताना कपडे आणि बूट या क्रमाने चढवा.

१. मोजे सुती किंवा लोकरीचेच. नायलॉनचा मोजा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. आतले कपडेही सुती.

२. पँट जाड सुती, शक्यतो आग पकडू नये अशी प्रक्रिया केलेली. खाली घडी दुमडलेली नको, कारण तिच्यात रस साठतो. घडी असेल तर शिंप्याकडून कापून सरळ शिवून घ्या. पॉलिएस्टर मिसळलेली रोजची पँट भट्टीवर नको.

३. बूट बिननाडीचे, नडगीपर्यंत उंच, ओढून घालायचे. घोट्याभोवती नीट बसणारे, पण लाथ मारल्यासारखा पाय झटकला किंवा दुसऱ्या पायाने टाच दाबली की निघणारे. घातल्यावर एकदा काढून पाहा. हात न लावता निघत नसेल तर माप चुकलं.

४. पँट बुटाच्या बाहेर. हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं. पँट बुटात खोचली की बुटाचं तोंड वर उघडं राहतं आणि खाली येणारा रस थेट आत जातो. चिखलात, शेतात पँट खोचणं बरोबर आहे. भट्टीवर तेच उलटं करायचं.

५. नाडीचेच बूट असतील आणि आज दुसरे नसतील, तर वरून स्पॅट बांधल्याशिवाय लॅडलजवळ जाऊ नका. स्पॅट म्हणजे नडगीपासून पंज्यापर्यंतचं चामड्याचं किंवा ॲल्युमिनाइज्ड (वर ॲल्युमिनियमचा चंदेरी थर असलेलं) आच्छादन. ते नाड्या आणि जीभ पूर्ण झाकेल इतकं पुढे आलं पाहिजे, बंद बाहेरच्या बाजूला हवेत आणि वेल्क्रोचे किंवा एका ओढीत सुटणारे हवेत. गाठी मारून बांधलेला स्पॅट वेळेला सुटत नाही.

६. शर्ट पँटच्या बाहेर, वरचं बटण लावलेलं, बाह्या खाली. खिशाला झाकण हवं, नसेल तर खिसा शिवून टाका. खिशात लायटर नको.

७. हातमोजे लांब, कोपराकडे जाणारे. हात खाली करून काम करताना बाही मोज्याच्या बाहेर ठेवा, म्हणजे थेंब मोज्यात जात नाही. डोक्याच्या वर हात करून काम असेल तर उलट.

८. ॲप्रन शेवटी. तो बुटाच्या तोंडाच्या खालपर्यंत यायला हवा, पण पायात अडकण्याइतका लांब नको.

ॲल्युमिनाइज्ड ॲप्रन किंवा कोट समोरून येणारी धग परत फेकतो. चकाकी आहे तोवरच हे काम होतं. वर तेल, काजळी, वाळूचा थर बसला की त्याचा उपयोग झपाट्याने घटतो. ओल्या मऊ फडक्याने पुसा, घासू नका, धुवायला टाकू नका. घड्यांवर चंदेरी थर निघाला की तो बदला. जुन्या शेडमध्ये ॲस्बेस्टॉसचे मोजे अजून कुठे कुठे सापडतात. त्यांचे तंतू फुप्फुसात जाऊन कॅन्सर होऊ शकतो. ते वापरातून काढा आणि त्यांच्या जागी चामड्याचे किंवा केवलारचे घ्या.

डोळे, कान, श्वास

पोअरिंगला फेस शील्ड, आणि तिच्या आतही चष्मा. शील्ड वर केली की चष्मा हवाच. भट्टीत वारंवार पाहणाऱ्यांना इन्फ्रारेड किरणांनी वर्षानुवर्षांत मोतीबिंदू होऊ शकतो. निळी कोबाल्ट काच रसाचा रंग ओळखायला बरी पडते, पण ती इन्फ्रारेड अडवेलच याची खात्री नसते. इन्फ्रारेडसाठी चाचणी झालेली, शेड नंबर (काचेच्या गडदपणाचा क्रमांक) लिहिलेली काच मागा.

फेटलिंगला बाजूंनी उघडा चष्मा पुरत नाही. कण बाजूने येतात. बाजूंनी बंद गॉगल आणि वरून शील्ड. उभ्या ग्राइंडरवर सैल हातमोजे मात्र नकोत. मोज्याचं टोक चाकात अडकलं की हात ओढला जातो.

आवाजाची मर्यादा कारखान्यांच्या नियमांत ८ तासांसाठी ९० डेसिबल आहे. ग्राइंडिंग सुरू असताना शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर कानाला संरक्षण हवं. फोमचा इअरप्लग घालण्याची रीत अशी: बोटांत वळून बारीक करा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत घाला आणि फुलेपर्यंत बोटाने दाबून धरा. नुसता भोकाशी टेकवलेला प्लग आवाज फारसा अडवत नाही.

धुळीबद्दल कळकळीने सांगायचं आहे. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते. जी धूळ डोळ्यांना दिसतसुद्धा नाही ती फुप्फुसात खोलवर बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तोंडावर बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. निदान एफएफपी२ किंवा एन९५ दर्जाचा मास्क हवा, त्याच्या दोन्ही पट्ट्या लावलेल्या हव्यात, नाकावरची पट्टी दाबलेली हवी. मास्कची कड जिथे टेकते तिथे दाढी असेल तर फटीतून हवा येते. श्वास घ्यायला जड जाऊ लागला की मास्क बदला. तो झटकून परत घालू नका. आणि कॉम्प्रेसरच्या हवेने अंगावरची वाळू उडवणं बंद करा, कारण त्यात स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या नाकात धूळ जाते.

पावसाळा आणि ओलावा

पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १६०० ते १७०० पट जागा व्यापतं. वितळलेल्या रसाखाली चमचाभर पाणी अडकलं तरी रस उडतो. ओली जमीन, ओला स्क्रॅप, नीट न तापवलेलं लॅडल यांनी होणारे स्फोट सगळ्यांना माहीत असतात. ओल्या बुटांचा विचार कमी होतो. शिरोलीला जुलैच्या पावसात मोटरसायकलवरून आलेला माणूस भिजलेल्या बुटानिशी थेट लाइनवर उभा राहतो, हे थांबवायला हवं. ओल्या चामड्यावर पडलेला रस तडतडून उडतो आणि त्याची वाफ आत पायाला लागते.

त्यासाठी कामाचे बूट शेडमध्येच, कपाटात राहू द्या. येण्याजाण्याच्या चपला वेगळ्या. पावसाळ्यात भट्टीच्या माणसाला दोन जोड द्या. भिजलेला जोड आतला तळ काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा, बोळे दोन-तीनदा बदला. भट्टीशेजारी ठेवून वाळवलेलं चामडं कडक होऊन तडकतं आणि सोलचा डिंक सुटतो. पूर्ण वाळल्यावर थोडं बूटपॉलिश किंवा चामड्याचं क्रीम लावा, तेल नको.

पोअरिंगची जमीन सिमेंटची उघडी असेल तर तिच्यावर कोरड्या वाळूचा थर ठेवा. काँक्रीटमध्ये ओलावा असतो. रस सांडला की त्याची वाफ होऊन काँक्रीटच्या ढलप्या रसासकट उडतात.

बूट कधी फेकायचा

पाळी सुरू होताना एका मिनिटात तपासा: सोलच्या खाचा शिल्लक आहेत का, सोल कुठे सुटलाय का, शिवण जळलीय का, चामड्याला भोक किंवा कडकपणा आहे का, आत हात घालून कॅपची कड वर आलीय का. बुटात रात्री विंचू-झुरळ शिरतं, म्हणून आपटूनच घाला.

कॅपवर एकदा जड नग पडला की तो जोड बाद. लोखंडी कॅप वाकलेली दिसते, पण कॉम्पोझिट (बिनधातूच्या) कॅपची चीर बाहेरून दिसत नाही. बाद जोडाचं चामडं कापून टाका, नाहीतर तो कोणीतरी घरी नेतो किंवा नव्या हेल्परला देतो. किती महिन्यांनी बदलायचा याचा एकच आकडा सांगता येत नाही. पोअरिंगचा जोड फेटलिंगच्या जोडाआधी जातो. स्टोअरमध्ये वही ठेवा: नाव, माप, दिलेली तारीख, बदलण्याचं कारण. वर्षभराने त्या वहीवरून कोणत्या जागी बूट लवकर जातात ते कळतं, आणि पुढची खरेदी अंदाजावर करावी लागत नाही.

पैसे कोणी भरायचे

मालकाने. कायद्याने द्यायच्या साधनांचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ११४ मध्ये स्पष्ट होतं. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही सुरक्षेच्या सोयींसाठी कामगारावर आकार लावायला मनाई आहे. ठेकेदाराचा माणूस असला तरी तो त्याच भट्टीसमोर उभा असतो, म्हणून त्याला ‘तुझं तू बघ’ म्हणता येत नाही. ठेक्याच्या करारातच बूट, स्पॅट, चष्मा, मास्क कोण देणार ते लिहा. तक्रारीसाठी राज्यात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. ओडिशा-बिहारमधून आलेल्या मुलांना मराठी पाटी वाचता येत नाही. पँट बुटाबाहेर कशी ठेवायची याचं चित्र लाइनच्या तोंडाशी लावा, आणि पहिल्या दिवशी करून दाखवा.

रस बुटात गेलाच तर

माणसाला रसापासून आणि भट्टीपासून बाजूला ओढा. बूट लगेच काढा. निघत नसेल तर स्पॅट सोडा, चामडं कापा. कापायची मोठी कात्री प्रथमोपचार पेटीत असलीच पाहिजे. लॅडलजवळ बादलीने पाणी ओतू नका, नळापाशी न्या. भाजलेला भाग साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको. मोजा किंवा कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीचं कापा. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काहीही लावू नका. डॉक्टरांना जखमेची खोली कळत नाही आणि जंतुसंसर्ग होतो. स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका, फोड फोडू नका, १०८ ला फोन करा. जखम लहान दिसली तरी दवाखान्यात न्याच: रसाने भाजलेली जखम बऱ्याचदा वरून रुपयाएवढी आणि आत खोल असते, आणि खोलवर भाजल्यावर नसा जळाल्यामुळे दुखत नाही. ‘दुखत नाही, राहू दे’ असं तो माणूस म्हणाला तर त्याला तेवढ्याच घाईने न्या.